वाघोबाची मिशी

१

मिशी सकाळी नऊ वाजता चोरीला गेली, असं स्टुडिओत अजूनही सांगतात. चूक. नऊ वाजता ती गेल्याचं कळलं. या दोन गोष्टींच्या मधे अख्खी एक रात्र मावते, हे मला वहीबाईंनी त्या दिवशी दाखवून दिलं.

मी तेव्हा स्टुडिओच्या सामानखोलीचा राखणदार होतो. चाळीस तलवारी, अकरा टेलिफोन, तीन पाळणे आणि एक तोफ, एवढा माझा संसार. लोक मला गप्पीदास म्हणत. खोटं कशाला बोलू, शंभरातल्या नव्वद गोष्टी मी वाढवून सांगतो. ही उरलेल्या दहांतली.

तर, रंगकाकांची पत्र्याची पेटी उघडी पडली होती. रंगकाका आमचे मेकअपवाले. पेटीत माणसाच्या वरच्या ओठासारखा कोरलेला लाकडी ठोकळा होता. त्यावर मिशी ताणून बसवायच्या सहा टाचण्या शाळेतल्या पोरांसारख्या ओळीत उभ्या होत्या. मिशी तेवढी नव्हती. काकांचा चेहरा पावडर न लावताच पांढरा पडला होता.

"कुलूप?" दिग्दर्शकानं विचारलं.

"लावलेलं होतं."

"किल्ली?"

काकांनी गळ्यातला दोरा दाखवला. किल्ली जागेवर होती.

आता तुम्ही म्हणाल, मिशीच ती, दुसरी चिकटवा. पण ती वाघोबाची मिशी होती. वाघोबा म्हणजे आमचा नायक. तोंडावर साहेब, पाठ वळली की वाघोबा. तीस वर्षं, बेचाळीस चित्रपट आणि ओठावर तीच एक मिशी. साहेबांची ठाम समजूत होती की नशीब त्या केसांत आहे. शिवाय तशी मिशी जाळीवर एकेक केस गाठवून विणावी लागते, तिला तीन दिवस लागतात. आमच्या हातात एकच दिवस होता.

कारण शूटिंग खरं तर आदल्या दिवशीच संपलं होतं. सकाळी लॅबमधून निरोप आला की शेवटच्या दृश्यातला एक शॉट धुऊन पाहिला तर धुकट निघालाय, पुन्हा घ्या. सगळ्यांना घरून बोलावून आणलं. सेट संध्याकाळी मोडायचा होता आणि सुतार हातोड्या मांडीवर घेऊन कोपऱ्यात बसलेच होते, जेवणाच्या पंगतीला बसावं तसे.

दिग्दर्शक साहेबांकडे वळला. "साहेब, तुम्ही काल मिशी..."

साहेबांनी नाकातोंडावर रुमाल धरला होता. पडसं झालंय म्हणाले. रुमालाआडूनच बोलले, "मला काय विचारता? ज्याचं काम त्याला विचारा."

चित्रपटाचे मालक दारात उभे होते, त्यांनी ते ऐकलं. मालक कधी आवाज चढवत नसत, म्हणून त्यांची जास्त भीती वाटे.

"काका," ते म्हणाले, "चार वाजेपर्यंत मिशी आली तर ठीक. नाही आली तर पेटी इथेच ठेवायची आणि फाटकाबाहेर जायचं. पुन्हा कुठल्याही स्टुडिओत तुमचा ब्रश ओला होणार नाही, एवढं मी बघेन."

काकांनी मान डोलावली. घरी आई-बापाविना वाढणारी नात होती, तिची शाळा त्यांच्या दोन बोटांवर चालली होती.

बोलल्या त्या वहीबाई. "मालक, चारपर्यंत ना? मग जरा मला मेकअपच्या खोलीत जाऊ द्या."

२

वहीबाई म्हणजे कोण, ते सांगतो. चित्रपट तुकड्या-तुकड्यांनी घेतात. आज दार उघडणारा माणूस परवा आत येतो. मधल्या काळात त्याच्या हातातली छत्री डावीकडून उजवीकडे गेली की प्रेक्षक हसतात. म्हणून एक बाई वही घेऊन बसते आणि सगळं टिपते: कप कुठल्या हातात होता, मेणबत्ती किती जळली होती, बटणं किती उघडी होती. आमच्या बाईंनी छत्तीस वर्षं टिपलं. घरी नवऱ्यालासुद्धा सांगत, "काल तुम्ही रुसला होतात तेव्हा तोंड खिडकीकडे होतं."

"गप्पीदास," त्या मला म्हणाल्या, "काल संध्याकाळनंतर या खोलीत कोण कोण आलं?"

"रंगकाका तर असणारच. मी, आरशाचा दिवा परत न्यायला. आणि बाबा, तोंड धुवायला."

बाबांचं नाव घेताना माझा आवाज आपसूक खाली गेला. कारण त्या मिशीवर कुणाचा हक्क असेल तर तो आमच्या या जुन्या नटाचा, बाबांचा, हे स्टुडिओतल्या मांजरालाही ठाऊक होतं.

तीस वर्षांपूर्वी साहेब आणि बाबा एका भाड्याच्या खोलीत राहत. दोघांत चांगल्या बुटांचा एकच जोड. ज्याला काम मागायला जायचं असेल त्यानं तो घालायचा, दुसऱ्यानं चटईवर पडून राहायचं. साहेब त्यांना दादा म्हणत, कारण ते दोन वर्षांनी मोठे. मग दादांना डाकूची मोठी भूमिका मिळाली. तेव्हाच्या तरण्या रंगकाकांनी त्यांच्या ओठाचं माप घेऊन झुपकेदार मिशी विणली. पहिल्या दिवशी सकाळी पाहतात तर मिशी गायब. सगळीकडे शोधाशोध, आणि तेवढ्यात साहेब फाटकातून आत आले, ओठावर मिशी, पायात ते बूट. "सापडली," म्हणाले. दिग्दर्शक घाईत होता. ज्याच्या ओठावर मिशी, तो डाकू.

तिथून जो माणूस निघाला तो मागे वळून पाहीना. ज्यानं पहिलं काम दिलं त्या दिग्दर्शकाला तिसऱ्या चित्रपटातून काढवलं. एक नायिका बोटभर उंच होती, तिला सबंध चित्रपट खुर्चीत बसवून ठेवलं. एका घोड्याचा क्लोजअप कापायला लावला, कारण घोडा त्यांच्यापेक्षा चांगला रडत होता. हे शेवटचं मी डोळ्यांनी पाहिलंय. घोड्याला विचारा.

आणि त्यांची खरी युक्ती म्हणजे अर्धं पाऊल. दोघं समोरासमोर बोलत असले की कॅमेरा सुरू होताच साहेब हळूच अर्धं पाऊल मागे सरकत. मग त्यांच्याशी बोलायला समोरच्याला मान वळवावी लागे, आणि कॅमेऱ्याला साहेबांचा चेहरा दिसे अन् समोरच्याची पाठ. त्या अर्ध्या पावलानं किती नट संपले याचा हिशेब फक्त बाईंच्या वहीत होता.

दादा मागे पडले ते पडलेच. पुढे त्यांना बापाची कामं मिळू लागली. इतके बाप केले की जगाचे बाबा झाले. या चित्रपटात ते साहेबांचेच बाप होते, दोन वर्षांनी मोठे बाप. आणि आज काम संपलं की बहिणीच्या गावी कायमचे जाणार होते.

"म्हणजे सूड घ्यायला शेवटचा दिवस," मी म्हणालो.

बाईंनी ठोकळा उचलून नाकाशी धरला, टाचण्यांवरून बोट फिरवलं आणि मग माझ्याकडे अशा पाहू लागल्या की मला उगीच माझ्याच खिशात हात घालून बघावंसं वाटलं.

"ठोकळा कोरडा आहे," त्या म्हणाल्या. "वास घ्या."

मी घेतला. कशाचाच वास नव्हता.

"मिशी काढताना स्पिरिटनं डिंक भिजवतात. ती ओलीच ठोकळ्यावर बसवतात, म्हणजे सुकताना आकार धरते. सकाळी ठोकळ्याला स्पिरिटचा वास यायलाच हवा. गप्पीदास, ही मिशी रात्री पेटीत नव्हतीच."

३

रंगकाका मागच्या पायरीवर बसले होते. शेजारी त्यांची कापडी पिशवी, तिच्यातून सोनेरी कागदाचा मुकुट डोकावत होता.

"कुणाचा राज्याभिषेक?" मी विचारलं.

त्या अवस्थेतही काकांचा चेहरा उजळला. "नातीचा. काल शाळेत नाटक होतं. राणी झाली होती. एक ओळ चुकली नाही पोरीची."

"छान झालं," वहीबाई शेजारी टेकल्या. "शेवटी राणीला राज्य परत मिळालं का?"

"मिळालं तर. पण आधी वनवास. पहिल्याच प्रवेशात प्रधान तिला हाकलतो."

"अगदी सुरुवातीपासून पाहिलंत म्हणजे."

"पहिल्या घंटेपासून. पाचला बरोबर पडदा वर गेला."

मग ते थांबले. बाईंनी वही उघडलीसुद्धा नाही. त्यांना ती पाठ होती.

"काका, कालचा शेवटचा शॉट पावणेसहाला झाला. मी फोटो काढलाय, त्यात साहेबांच्या कपाळावर घाम आहे. तुम्ही जवळ असताना त्यांच्या कपाळावर घाम राहिलेला मी तीस वर्षांत पाहिला नाही."

काका मुकुटाची टोकं सरळ करू लागले.

"पेटी उघडी ठेवून गेलात. ते कुलूप नुसतं दाबलं तरी बसतं, किल्ली लागत नाही. मग मिशी काढली कुणी, आणि कुलूप दाबलं कुणी?"

"मीच काढली," काका म्हणाले. "मीच कुलूप लावलं. लिहून घ्या."

"तुम्हाला जायची परवानगी कुणी दिली?"

"बाई, चार वाजले की मी जाईन. माझं आयुष्य रंगात गेलं, थोडं काळं लागलं तर धुऊन निघेल. तुम्ही पुढचं विचारू नका."

मी बाईंना बाजूला घेतलं. "हा माणूस कुणाला तरी पाठीशी घालतोय."

"ते तर मुकुटालाही कळलं," बाई म्हणाल्या. "प्रश्न असा की मिशी आत्ता कुठे आहे. गप्पीदास, आज सेटवर सगळ्यांत जास्त कोण उकडतंय?"

मी वळून पाहिलं. दिव्यांखाली खुर्चीत बाबा बसले होते. कोट गळ्यापर्यंत बंद, घामाच्या धारा, आणि उजवा हात डाव्या खिशावर असा घट्ट, जणू आत पाखरू आहे.

४

तो कोट बाबांचा स्वतःचा होता, पंचवीस वर्षांचा. वीसेक बापांनी तो घातला असेल.

"बाबा, काल वरची तीन बटणं उघडी होती," बाई म्हणाल्या.

"आज थंडी वाजतेय."

"आम्ही पंखे लावलेत."

"म्हणूनच वाजतेय."

बाई खाली बसल्या आणि आवाज अगदी उतरवून म्हणाल्या, "बाबा, मी पोलीस नाही. मी बटणं मोजणारी बाई आहे. खिशात काय आहे ते मला माहीत आहे. ते तिथे आलं कसं, हे तुम्हाला माहीत नाही. बरोबर?"

बाबांचे डोळे भरून आले. पडद्यावर त्यांना रडताना मी शंभरदा पाहिलं होतं. असं ओठ मुडपून, आवाज न करता रडलेलं कधी पाहिलं नव्हतं.

"सकाळी येताना खिशात हात घातला," ते म्हणाले. "कागदात गुंडाळलेली होती. मला वाटलं गंमत असेल. इथे येऊन पाहतो तर हा गोंधळ. कुठे ठेवू? कुणाला सांगू? तीस वर्षांपूर्वी माझी मिशी चोरली आणि मला संपवलं. आता जाता जाता मलाच चोर ठरवायचंय त्याला. अहो, मी जातोच आहे. एवढी तरी कसर का ठेवत नाही हा माणूस?"

मला पटलं. वाघोबाला शोभेल अशीच चाल होती. मी म्हणालोसुद्धा, "चला मालकांकडे. वाघ पिंजऱ्यात."

"थांबा," बाई म्हणाल्या. "आपल्याला वाघाबद्दल काय माहीत आहे? चहा गार असला तर ते काय करतात?"

"कप भिंतीवर फेकतात."

"आणि आज तीस वर्षांची मिशी गेली, तर?"

मी आठवून पाहिलं. साहेब ओरडले नव्हते. एक वाक्य बोलले होते, तेही रुमालातून.

"चोर पकडवायचा असता तर सकाळीच म्हणाले असते, सगळ्यांचे खिसे तपासा. ते खिशांबद्दल चकार शब्द बोलले नाहीत." बाई उठल्या. "बाबा, ती तशीच ठेवा. पावणेचार झालेत. मला एक रुमाल बघून येऊ द्या."

५

साहेबांच्या खोलीत बोलावल्याशिवाय कुणी जात नसे. बाई गेल्या. मीही गेलो, हातात एक टेलिफोन घेऊन, म्हणजे काहीतरी कामाला आल्यासारखं वाटावं.

"साहेब, पडसं कसं आहे?"

"आहे."

"सकाळपासून एकदाही शिंकला नाहीत. रुमाल जरा खाली घेता?"

एवढं बोलायची छाती देशात कुणाला नव्हती. साहेबांनी बाईंकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग टेलिफोनकडे. आणि रुमाल खाली घेतला.

वरच्या ओठावर लालभडक पट्टा होता, कातडं सोलवटल्यासारखा.

"काकांनी काढलेल्या मिशीची खूण कधी राहत नाही," बाई म्हणाल्या. "ही कोरडी ओढून काढलेली आहे, स्पिरिट न लावता, घाईत, स्वतःच्या हातानं. तुम्हीच काकांना म्हणालात, जा, नातीचं नाटक बघा, मी काढतो. तुम्ही कुणाला लवकर घरी सोडलंत हे खरं तर तेव्हाच वहीत लिहायला हवं होतं. बाबा तोंड धुवायला गेले, कोट खुंटीवर होता. मिशी तुम्ही त्यात ठेवलीत आणि रिकाम्या पेटीचं कुलूप दाबून टाकलंत."

साहेबांनी खुर्ची आरशाकडे वळवली.

"पुढच्या चित्रपटात मला पांढरी दाढी आहे," ते म्हणाले. "मिशीचं काम संपलं होतं. तो जाणार होता. तीस वर्षं म्हणतोय, बोलावं. पण माझ्या तोंडात आजवर लेखकानंच शब्द घातले. माझे स्वतःचे निघेनात. म्हटलं, वस्तू जागच्या जागी ठेवावी, त्याला कळेल."

"त्यांना वाटतंय, तुम्ही त्यांना चोर ठरवताय."

साहेबांनी डोळे मिटले. "असंच वाटणार. मी दुसरं काय केलंय आजवर."

"आणि सकाळी काका समोर उभे होते तेव्हा?"

"तेव्हा..." ते अडखळले. "सवयीनं मागे सरकलो."

बाईंनी वही मिटली. "मी कुणाला काही सांगणार नाही, साहेब. माझं काम टिपायचं. चारला पाच मिनिटं कमी आहेत. काकांनी ब्रश धुऊन ठेवलेत."

आणि आम्ही बाहेर आलो. मी म्हणालो, "बाई, हा मनुष्य येणार नाही. ज्यानं घोड्याला सोडलं नाही तो."

बाईंनी पेन्सिलचं टोक चावलं, आणि ते त्या कधी चावत नसत.

६

चार वाजले. रंगकाकांनी पेटी मालकांच्या पायाशी ठेवली, गळ्यातली किल्ली काढली, पिशवीतला मुकुट चुरगळणार नाही असा बगलेत धरला आणि फाटकाकडे निघाले. सुतार उठून उभे राहिले.

"काका, थांबा."

साहेब आले होते. रुमालाशिवाय. ओठावरचा लाल पट्टा दिव्यांत असा चमकत होता की शेवटच्या ओळीतल्या सुतारालाही दिसावा.

"मालक, मिशी मीच काढली. मीच दिली. काकांना मीच घरी पाठवलं होतं. सकाळी बोललो नाही, तो माझा हलकटपणा." मग जरा थांबून म्हणाले, "आणि हे कुणी बाहेर बोललं तर त्याला पुन्हा काम मिळणार नाही." म्हणजे माणूस फार काही बदलला नव्हता.

मग ते बाबांपाशी गेले. बाबांनी खिशातली पुडी काढून पुढे केली.

"नको," साहेब म्हणाले. "ती तुझीच आहे, दादा."

तीस वर्षांत तो शब्द त्या आवारात कुणी ऐकला नव्हता. बाबांनी पुडीकडे पाहिलं, साहेबांकडे पाहिलं.

"एवढं सांगायला तीस वर्षं?" ते म्हणाले. "बरं, बुटांचं काय?"

"ते झिजले."

"मला वाटलंच."

मालक खाकरले. "ते सगळं ठीक. पण मिशी यांची झाली तर शॉट कसा घ्यायचा? तुमच्यात गोडी आणि माझा सेट मोडीत?"

तेव्हा रंगकाका परत आले. त्यांनी पेटी उघडली, ठोकळा बाजूला केला, तळाचा पत्रा नखानं उचलला. खाली कागदात दुसरी मिशी. झुपका तोच, वळण तेच.

"ही कुठली?" साहेबांनी विचारलं.

"सतरावी," काका म्हणाले. "अहो, केसांची मिशी ती, तीस वर्षं टिकते होय? मूळची तुमच्या दुसऱ्याच चित्रपटात नदीच्या दृश्यात वाहून गेली. तुम्ही पोहत होतात, तुम्हाला कळलं नाही. मी तीन रात्री जागून नवी विणली. तुमचा जीव होता तिच्यात. मग झिजली की विणत गेलो."

"ही होती," वहीबाई हळूच म्हणाल्या, "आणि तुम्ही फाटकाकडे निघाला होतात?"

"ही काढली असती तर यांना कळलं असतं." काकांनी खांदे उडवले. "नोकरी काय, गेली तर गेली."

साहेब मटकन खुर्चीत बसले. बाबांनी पुडी उघडून निरखली. "म्हणजे ही माझी नव्हेच."

"सोळावी," काका म्हणाले. "पण वीण चांगली आहे."

आधी बाबा हसले. मग सुतार. साहेब हसले नाहीत. ते आपल्या रिकाम्या हातांकडे बघत होते. द्यायला आणलेली वस्तूच खोटी निघाली, आता द्यायचं काय, असा तो चेहरा होता. काकांनी त्यांची हनुवटी धरली, सोललेल्या ओठावर फुंकर घातली आणि सतरावी मिशी हलक्या हातानं बसवली.

शॉट लागला. घराचा उंबरठा, बाप उभा, मुलगा परत आलेला. दृश्याचे बाकीचे तुकडे नीट होते, एवढाच पुन्हा घ्यायचा होता. त्या सगळ्या तुकड्यांत साहेब अर्धं पाऊल मागे होते, हे बाईंच्या वहीत होतं आणि म्हणून आताही ते तसेच उभे राहायला हवे होते. कॅमेरा सुरू झाला. साहेबांचा उजवा पाय हलला. मी सवयीनं मनात म्हटलं, गेला मागे.

तो पुढे गेला.

अर्धंच पाऊल. पण तेवढ्यानं साहेबांची पाठ कॅमेऱ्याकडे झाली, आणि बाबांचा चेहरा तीस वर्षांत पहिल्यांदा पुरता उजेडात आला. बाबांना ते कळलं. क्षणभर ते संवाद विसरले, आणि त्या क्षणात त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते लिहायला आमच्या लेखकाचा जन्म गेला असता.

"कट," दिग्दर्शक म्हणाला. मग त्याच्या कपाळाला आठी पडली. "साहेब जागेवरून हलले का? बाई, मागच्याशी जुळतंय ना?"

छत्तीस वर्षांत बाईंनी एक कप, एक बटण, एक मेणबत्ती चुकू दिली नव्हती. त्यांनी वही उघडली, पान पाहिलं, परत मिटली.

"जुळतंय," त्या म्हणाल्या.

सुतारांनी हातोड्या उचलल्या.

तो चित्रपट तुमच्या पाहण्यात आला तर शेवटचं दृश्य नीट बघा. एका तुकड्यातून दुसऱ्यात जाताना मुलगा एकदम मागचा पुढे येतो. ती चूक आहे, आणि ती मला, बाईंना आणि आता तुम्हाला माहीत आहे. पण मिशी शोधू नका. ज्या मिशीपायी सकाळपासून एवढं रामायण झालं, ती त्या शॉटमध्ये दिसतच नाही.